शिक्षकांच्या मोबाईलमधली राज्यसीमा

इंटरनेटवर 'खैरलांजी' शोधलं की बहुतेक वेळा भंडारा जिल्ह्यातलं गाव समोर येतं, २००६ च्या हत्याकांडामुळे देशाला कळलेलं. माझी खैरलांजी वेगळी. ती मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात, महाराष्ट्राला लागून आहे. ती शोधायला खाली जावं लागतं. पुष्कळांनी आधीच पाहिलंय तेच यंत्र पुढे करतं, त्याचा हा साधा नमुना.

सोशल मीडिया याच्याही पुढे जातो. आपण कशावर थांबलो, काय लाइक केलं, कोणत्या भाषेत वाचलं, हे बघून तो पुढचं दाखवतो. अमेरिकन लेखक एली पॅरिसर यांनी २०११ च्या पुस्तकात याला 'फिल्टर बबल' म्हटलं. बबल म्हणजे बुडबुडा. आत आपल्यासारखेच लोक, बाहेरचं काही दिसतच नाही.

आपल्यातले बरेच जण उद्या शिक्षक होणार, म्हणून हे आपल्या कामाचं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर कोणी काय पाहायचं हे यंत्र ठरवत नाही. तिथला बुडबुडा आपणच फुगवतो. ग्रुप असतात विभागाचे, एकाच बॅचचे. दिवसभर आदेश, माहिती भरायच्या लिंक आणि सुप्रभात!

आमच्याकडे त्यात राज्याची सीमाही येते. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तोवर दोन्ही एकाच राज्यात होते. घरची बोली मात्र वाटली गेली नाही. पोवारी दोन्हीकडे बोलतात. पोवारी बोलणारं पोर इकडे पहिलीत हिंदी पुस्तक उघडतं, तिकडे मराठी. त्याला बोलीतून पुस्तकाच्या भाषेत कसं आणायचं, हा प्रश्न दोन्हीकडच्या गुरुजींपुढे आहे. पण एकाच्या मोबाईलवर हिंदी ग्रुप, दुसऱ्याच्या मोबाईलवर मराठी. दोघांची गाठच पडत नाही, आणि किंमत मोजतं ते पोर.

सीमा ओलांडणं काही नवीन नाही. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवणं सुरू झालं. किशोर भारती आणि क्वेकर मंडळींचं रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर त्यामागे होतं. १९७८ मध्ये पुण्यातले इंजिनिअर अरविंद गुप्ता रजा काढून तिथे गेले. टाकाऊ वस्तूंपासून केलेली त्यांची विज्ञान-खेळणी पुढे देशभर पोचली. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांनी तर भारत-पाकिस्तानसारख्या देशांतली मुलं ऑनलाइन जोडली. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला, आणि अर्धी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांना दिली.

मग आपण काय करायचं?

पहिलं, दुसऱ्या राज्यातले, दुसऱ्या विषयाचे, आणि आपल्याला न पटणारं मांडणारे काही शिक्षक मुद्दाम फॉलो करा. नुसतं फॉलो करून भागत नाही. पोस्ट पूर्ण वाचा, प्रश्न विचारा. म्हणजे यंत्रही तसलं आणखी दाखवतं.

दुसरं, समोर येईल तेवढ्यावर थांबू नका. एकच प्रश्न हिंदी, मराठी, इंग्रजीत वेगवेगळा शोधून बघा. उत्तरं वेगळी निघतात.

तिसरं, वेगळं मत आणि खोटी माहिती यांत गल्लत नको. मत ऐकून घ्या, माहिती मात्र तपासून घ्या.

चौथं, वर्गातला अनुभव लिहा, पण मुलांची नावं आणि फोटो टाकू नका.

पलीकडच्या गावातल्या एका शिक्षकाचा नंबर मिळवला, तरी सुरुवात झाली म्हणा.