तेल आणि पाणी : पाइपमधला अबोला

तेल आणि पाणी एकत्र येत नाहीत, हे आमटीवर तरंगणाऱ्या तवंगाकडे पाहूनच कळते. पण जमिनीखालून खनिज तेल काढणाऱ्यांना या दोघांना एकाच पाइपमधून न्यावे लागते. विहिरीतून नुसते तेल कधीच येत नाही. त्याबरोबर वायू आणि खारे पाणीही येते, आणि विहीर जुनी होत जाते तसा पाण्याचा वाटा वाढतो. १९७४मध्ये सापडलेल्या मुंबई हायचे तेल समुद्रतळावरच्या पाइपलाइनमधून उरणला येते. तिथेही वाढत्या पाण्याचा प्रश्न टळलेला नाही.

हे दोन द्रव पाइपमधून कसे वाहतील, हे मुख्यतः वेग, पाण्याचे प्रमाण आणि तेलाचा दाटपणा यांवर ठरते. आडव्या पाइपमध्ये वेग कमी असेल, तर जड पाणी तळाशी आणि हलके तेल वर, असे दोन थर पडतात. वेग वाढला की मधल्या सीमेवर लाटा उठतात आणि त्या फुटून थेंब सुटतात. वेग आणखी वाढला की थर मोडतात आणि एक द्रव दुसऱ्यात थेंबांच्या रूपात विखुरतो. पाणी जास्त असेल तर पाण्यात तेलाचे थेंब, तेल जास्त असेल तर तेलात पाण्याचे. अमेरिकेतील टल्सा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७मध्ये आडव्या पाइपमधल्या अशा प्रवाहांचे सहा प्रकार मांडले.

तेलात पाण्याचे थेंब असताना पाणी वाढत गेले, तर एका टप्प्यावर चित्र अचानक उलटते आणि पाण्यात तेलाचे थेंब होतात. या उलथापालथीच्या आसपास मिश्रण नुसत्या तेलापेक्षाही दाट होऊ शकते. मग तेवढाच प्रवाह पुढे ढकलायला पंपाला जास्त जोर लावावा लागतो.

मात्र सर्वांत मोठा धोका संथ प्रवाहात असतो. तळाशी साचलेले पाणी पोलादाला सतत चिकटून राहते. त्यात गाळ बसतो, जीवाणू वाढतात आणि पाइप आतून गंजतो. अलास्कातील प्रुडो बे येथे मार्च २००६मध्ये याचाच फटका बसला. तेलक्षेत्राचे उत्पादन घटल्याने ३४ इंची पाइपलाइनमधला प्रवाह मंदावला होता. १९९८नंतर ती आतून साफ करणारे यंत्रही फिरवलेले नव्हते. गंजाने तळाला बोटाच्या टोकाएवढे भोक पडले आणि सुमारे ८ लाख लिटर तेल बर्फाळ जमिनीवर सांडले. वेग पुरेसा असता, तर पाणी थेंबांच्या रूपात तेलाबरोबर वाहून गेले असते.

हेच पाणी नीट वापरले, तर मदतीलाही येते. काही तेले काकवीसारखी दाट असतात. ती पाइपमधून ढकलणे फार खर्चिक असते. अशा वेळी पाइपच्या आतल्या कडेने पाण्याचा पातळ थर सोडतात आणि मधोमध तेलाचा गाभा सरकतो. घर्षण भिंतीजवळच्या पाण्याचे होते, तेलाचे नाही. त्यामुळे लागणारा दाब खूपच कमी होतो. या कल्पनेचे अमेरिकी पेटंट १९०४चे आहे. शेल कंपनीने कॅलिफोर्नियात १९७०च्या दशकात सुमारे ३९ किलोमीटर लांबीच्या पाइपलाइनमधून दाट तेल याच रीतीने वाहून नेले. यात एक अडचण आहे. प्रवाह थांबला, तर तेल भिंतीला चिकटते आणि तो पुन्हा सुरू करणे जिकिरीचे होते.

म्हणूनच पाइपलाइन बांधताना केवळ आजचे उत्पादन धरून भागत नाही. वीस-तीस वर्षांनी तेल घटेल, पाणी वाढेल आणि प्रवाह मंदावेल. तेव्हा पाणी कुठे साचेल, याचा हिशेब आधीच करावा लागतो. पाइपच्या आतले डोळ्यांना दिसत नाही. पण तिथे थर पडला आहे की थेंब फिरत आहेत, यावर त्या पाइपचे आयुष्य अवलंबून असते.