यवतमाळच्या उन्हात लागर बिअर का जमत नाही? समजून घ्या

मे महिन्यात यवतमाळचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. या उन्हात दही काही तासांत लागते, कारण दह्याच्या जिवाणूंना ४० अंशांच्या आसपासची ऊब मानवते. लागर बिअरच्या यीस्टचे मात्र नेमके उलटे आहे.

किती तापमान लागते?
हे यीस्ट साधारण ८ ते १३ अंश सेल्सिअसला नीट काम करते. त्यानंतर बिअर शून्य अंशाजवळ काही आठवडे मुरवतात. ‘लागर्न’ या जर्मन शब्दाचा अर्थच साठवून ठेवणे.

तापमान वाढले तर?
आंबण्याची क्रिया भराभर होते, पण फळासारखा वास आणि उग्र चव उतरते. शिवाय आंबताना द्रव स्वतःही तापतो. म्हणून खोलीचे नव्हे, टाकीतल्या द्रवाचे तापमान मोजतात.

पूर्वी काय करत?
बव्हेरियात १५५३ पासून उन्हाळ्यात बिअर बनवायला बंदी होती. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांच्या शीतयंत्राने थंडीची वाट पाहणे संपवले.

कूलर-फ्रिजने भागेल?
कूलर इतका गारवा देऊ शकत नाही. घरचा फ्रिज ४ अंशांच्या आसपास चालतो, तिथे यीस्ट सुस्तावते. कारखान्यांत टाक्यांभोवती थंड द्रव खेळवून तापमान राखतात.

घरी बनवता येते का?
नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणे गुन्हा आहे. अगदी स्वतःपुरते बनवले तरी.