दुव्याचे शब्द कसे निवडावेत

अंबडहून घनसावंगीकडे जाताना एखाद्या फाट्यावर ‘इकडे जा’ एवढेच लिहिलेली पाटी कोणी उभारली, तर वाटसरू तिच्याखाली उभा राहून दुसऱ्या कोणाची तरी वाट पाहील. पाटीवर गावाचे नाव हवे. संगणकावरील एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या दुव्याचीही गोष्ट हीच होय. मराठी वाचकास ही कल्पना मुळीच नवी नाही. मराठी विश्वकोशात नोंदीच्या शेवटी ‘पहा’ असे लिहून पुढे दुसऱ्या नोंदीचे नाव दिलेले असते. नुसते ‘पहा’ लिहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकवर्गाने वाचकास वाऱ्यावर सोडले नाही. तथापि शिक्षकांनी सिद्ध केलेल्या पानांवर आजही ‘येथे क्लिक करा’ अशा ओळी एकाखाली एक आढळतात. त्यांपैकी सरावसंच कोणता आणि वेळापत्रक कोणते, हे प्रत्येक ओळ उघडून पाहिल्यावाचून कळत नाही.

यात वाचकाचा वेळ जातो, एवढीच हानी नाही. १९९८ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन व लॅरी पेज यांनी गुगल या शोधयंत्राची रचना सांगणारा निबंध प्रसिद्ध केला. दुव्याचे शब्द ज्या पानावर लिहिलेले आहेत त्याच्या खाती ते मांडावेतच, पण ज्या पानाकडे ते नेतात त्याच्याही खाती मांडावेत, असे त्यात प्रतिपादन होते. पान स्वतःविषयी जे सांगते त्याहून त्याकडे बोट दाखविणारा पुष्कळदा अधिक नेमके सांगतो, हे त्यामागील एक कारण. दुसरे असे की, चित्रासारख्या ज्या वस्तूंत यंत्रास वाचण्याजोगी अक्षरे नसतात, त्यांचाही शोध या शब्दांवरून लागू शकतो.

या शब्दांचे बळ किती, याचे एक उदाहरण मासलेवाईक आहे. २००३ च्या सुमारास अमेरिकेत अनेकांनी ठरवून ‘दयनीय अपयश’ अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द लिहून त्यांवरून अध्यक्ष बुश यांच्या अधिकृत चरित्रपानाकडे दुवे दिले. चरित्रात ते शब्द नव्हते. तरीही ते शब्द शोधणारास प्रथम तेच पान दिसू लागले. २००७ मध्ये गुगलने आपल्या पद्धतीत सुधारणा करून या खोडसाळपणास बव्हंशी आळा घातला.

खेड्यातील शाळेस याचे महत्त्व अधिकच आहे. जुने कागद बहुधा छायाप्रतींच्या रूपात असतात, किंवा युनिकोडपूर्वीच्या टंकात लिहिलेले असतात. वाचकास ते मराठी दिसले तरी संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरांची व चिन्हांची अर्थहीन रांग असते. शोधयंत्रे चित्रांतील अक्षरेही आता काही प्रमाणात ओळखतात. पण पुसट, तिरप्या छायाप्रतीवर भिस्त ती किती ठेवावयाची? समजा, घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ या गावाची माहिती मुलांनी वृद्धांना विचारून, हाताने लिहून काढली आणि शिक्षकांनी तिची छायाचित्रे चढविली. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव. दूरचा अभ्यासकही त्याची माहिती शोधीत असतो. दुव्यावर युनिकोड देवनागरीत ‘जांब समर्थ : गावातील वृद्धांनी सांगितलेल्या आठवणी’ असे लिहिले, तर त्या वह्या त्याच्या हाती पडण्याचा संभव वाढतो. ‘येथे क्लिक करा’ असे लिहिले, तर मुलांचे श्रम पेटीत बंद राहिल्यासारखेच होत.

येथे मराठीच्या व्याकरणाकडेही लक्ष पुरविले पाहिजे. प्रत्यय लागला की ‘परतूर’चे ‘परतुरात’ होते, ‘मंठा’ ‘मंठ्यात’ होतो आणि ‘जालना’ ‘जालन्यात’. ही रूपे यंत्र जुळवून घेईलच असे धरून चालू नये. ‘मंठ्यातील शाळा’ याऐवजी ‘मंठा तालुक्यातील शाळा’ असे लिहिल्यास मूळ नाव शाबूत राहते. २००३ पासून चालत आलेल्या मराठी विकिपीडियाने वाक्यातील दुव्यांसाठी सोईची रीत ठेवली आहे : दुहेरी चौकटी कंसात प्रथम लेखाचे मूळ नाव, मग उभी रेघ, मग वाक्यात बसणारे रूप. वाक्य अडखळत नाही आणि दुवाही चुकत नाही.

उलट टोक गाठणारेही असतात. ‘उत्तम शाळा जालना मराठी शाळा उत्कृष्ट शाळा’ अशी शब्दांची रास दुव्यावर रचणे व्यर्थ होय. २०१२ साली गुगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल करून अशा कृत्रिम दुव्यांच्या आधारे वर चढलेली पाने खाली ढकलली. चार ते सात शब्द बहुधा पुरतात.

दृष्टिहीन शिक्षक वा विद्यार्थी पडद्यावरील मजकूर संगणकाकडून वाचवून घेतो. एनव्हीडीए या विनामूल्य साधनात पानावरील केवळ दुव्यांची यादी काढून ऐकता येते. त्या यादीत एकच वाक्य वीस वेळा ऐकू आले, तर त्याने काय बोध घ्यावा? दुव्याचा उद्देश त्याच्या शब्दांवरून किंवा लगतच्या मजकुरावरून कळावा, असा नियम जागतिक वेब संघाने २००८ च्या सुगमतेच्या नियमांत घातला आहे.

‘गणिताच्या सराव प्रश्नपत्रिकेसाठी येथे क्लिक करा’ या वाक्यात दुवा शेवटच्या तीन शब्दांवर दिला जातो. तो ‘इयत्ता चौथी, गणित : सराव प्रश्नपत्रिका’ या शब्दांवरच द्यावा आणि ‘येथे क्लिक करा’ हे शब्द गाळावेत. उघडणारी वस्तू पीडीएफ असल्यास तसे व तिचा आकार किती एमबी, हेही लगेच पुढे लिहावे. पालकाच्या मोबाईलमधील दिवसाचा डेटा मोजकाच असतो.