बदनाम वारांची वरात

सोमवारचा जगातला सगळ्यात प्रसिद्ध शत्रू म्हणजे एक बोका, आणि या बोक्याला नोकरीच नाही! जिम डेव्हिस यांच्या गारफिल्डला लोकल पकडायची नसते, त्याला साहेब नाही, मस्टर नाही. लझानिया हादडायचा आणि ताणून द्यायची, एवढाच उद्योग. तरी सोमवार उजाडला की स्वारीचं डोकं फिरतं. आता ऐका: ही चित्रमालिका पहिल्यांदा छापून आली १९ जून १९७८ रोजी. वार? सोमवार. स्वतःच्या जन्मवारालाच शिव्या घालणारा असा दुसरा प्राणी शोधून सापडायचा नाही.

माणसंही त्याच्याच बाजूची. ऑक्टोबर २०२२मध्ये गिनेस वर्ल्ड रेकॉर्ड्सने ट्विटरवर सोमवारला ‘आठवड्यातला सर्वांत वाईट वार’ हा किताब थट्टेथट्टेत बहाल करून टाकला. अर्थात, सोमवारीच! जुन्या इंग्लंडातल्या कारागिरांनी मात्र तक्रारीत वेळ घालवला नाही. रविवारी यथेच्छ ढोसायची आणि सोमवारी सरळ दांडी मारायची. वर या दांडीला संतपद देऊन ‘सेंट मंडे’ म्हणायचं. बेंजामिन फ्रँकलिन तरुणपणी लंडनच्या छापखान्यात कामाला होते. आपण कधी सेंट मंडे पाळला नाही आणि त्यामुळे मालकाची मर्जी बसली, असं त्यांनी आत्मचरित्रात नोंदवून ठेवलंय. असा एक सहकारी प्रत्येक ऑफिसात असतोच.

भोसरीत सोमवार शुक्रवारी येतो

खरं सांगायचं तर सोमवारचा गुन्हा एकच, तो सुट्टीला खेटून येतो. पुरावा हवा असेल तर भोसरीला जा. पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात विजेच्या वाटपापायी साप्ताहिक सुट्टी गुरुवारी ठरली. म्हणजे तिथल्या कामगाराला सोमवारी कसलंच दुःख नाही. त्याचं तोंड वाकडं होतं ते शुक्रवारी, बाकीचं जग खुशीत असताना. दुबईकर मराठी मंडळींनीही हे भोगलंय. तिकडे २०२१ अखेरपर्यंत सुट्टी शुक्रवार-शनिवारची. इकडे मुंबईतले नातेवाईक मटणाच्या रांगेत आणि तिकडे हे रविवारी सकाळी डबा घेऊन कामावर! २०२२पासून अमिरातीच्या सरकारने शनिवार-रविवार सुट्टी केली, तेव्हा कुठे व्हिडीओ कॉलचं गणित जमलं.

मटणाचा विषय निघालाच आहे, तर कोंबड्यांचंही ऐकायला हवं. मतदान घेतलं तर त्यांचा नावडता वार बिनविरोध रविवार! आपल्याला तो मिळाला नारायण मेघाजी लोखंडे यांच्यामुळे. गिरणी कामगारांसाठी त्यांनी वर्षानुवर्षं लढा दिला, तेव्हा १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी पदरात पडली. मुंबईकर आता त्याच रविवारी मेगाब्लॉकच्या नावाने बोटं मोडतात.

शनिवारवर खोटा आळ

तेल आणू नका, लोखंड आणू नका, चपला घेऊ नका. शनिवारइतकी बंधनं दुसऱ्या कुठल्या वारावर नसतील. साडेसातीची धास्ती तर विचारूच नका. त्यामागचा हिशेब मात्र साधा. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे बारापैकी एका राशीत मुक्काम अडीच वर्षांच्या आसपास. आपली रास, तिच्या मागची आणि पुढची, झाली साडेसात! याचाच अर्थ कुठल्याही क्षणी बारातल्या तीन राशींना साडेसाती चालूच असते. ऑफिसातली निम्मी माणसं तसा दावा करतात, ती गोष्ट वेगळी.

थोरल्या बाजीरावांना या वाराची भीती नसावी. त्यांनी पुण्यातल्या वाड्याची पायाभरणी केली १० जानेवारी १७३० रोजी आणि वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ रोजी. दोन्ही दिवशी शनिवार. पुढे तिथे आक्रीत घडलं आणि ‘शनिवारी पाया घातला की असंच व्हायचं’ म्हणायला लोक मोकळे! पण पंचांग काढून बघा. ‘काका, मला वाचवा’ ही हाक जिच्याशी जोडली जाते, ती नारायणरावांची हत्या झाली ३० ऑगस्ट १७७३ला, सोमवारी. वाडा बेचिराख करणारी आग लागली २७ फेब्रुवारी १८२८ला, बुधवारी. ती सात दिवस धुमसत होती म्हणतात, म्हणजे त्या गुन्ह्यात सगळेच वार सामील.

परदेशातले नावडते

ग्रीक माणूस मंगळवारला घाबरतो. कॉन्स्टँटिनोपल तुर्कांच्या हाती पडलं ते २९ मे १४५३ रोजी, मंगळवारी. त्याआधी १२०४मध्ये धर्मयोद्ध्यांनी ते लुटलं तेही मंगळवारीच. स्पॅनिश भाषकही मंगळवारी लग्न नको आणि प्रवास नको म्हणतात. मंगळवारी तेरा तारीख आली तर बघायलाच नको. इकडे प्रभादेवीला त्याच वारी सिद्धिविनायकाची रांग रस्त्यावर आलेली असते! आपल्याकडे सोमवारी बरीच सलून बंद, थायलंडात बुधवारी. तिथे बुधवारी केस कापणं अशुभ.

युरोपातले खलाशी शुक्रवारी नांगर उचलायला कचरत. कोलंबस मात्र निघाला शुक्रवारी आणि त्याला जमीन दिसली तीही शुक्रवारी. ब्रिटिश आरमाराने ही अंधश्रद्धा मोडायला ‘फ्रायडे’ नावाचं जहाज शुक्रवारीच सोडलं आणि ते गडप झालं, ही कथा चवीने सांगितली जाते. असं जहाज कधी नव्हतंच. शुक्रवारच्या तेरा तारखेला घाबरणाऱ्यांसाठी वाईट बातमी मात्र खरी आहे: चारशे वर्षांच्या कॅलेंडर-चक्रात तेरा तारीख सर्वाधिक वेळा शुक्रवारीच येते, ४८००पैकी ६८८ वेळा. आणि अपोलो-१३ची ऑक्सिजनची टाकी १३ एप्रिलला फुटली, तेव्हा ह्यूस्टनमध्ये वार होता... सोमवार. गारफिल्डला कळवा कुणीतरी.

वारच रद्द!

सोव्हिएत रशियाने १९२९मध्ये रोगाच्या मुळावरच घाव घातला. यंत्रं थांबायला नकोत म्हणून पाच दिवसांचा आठवडा आणला. कामगारांचे पाच गट केले, प्रत्येकाला एक रंग आणि प्रत्येकाची सुट्टी वेगळ्या दिवशी. सगळ्यांचा मिळून सोमवार असा उरलाच नाही. पण नवरा पिवळ्या गटात आणि बायको हिरव्या गटात निघाली, तर दोघांची गाठ पडायची कधी? कुरकुर वाढली. १९३१मध्ये सहा दिवसांचा आठवडा करून पाहिला, तोही टिकला नाही. शेवटी १९४०मध्ये सात दिवस परत आले. रविवार मिळाला, त्यावर सोमवार फुकट!