केसपेपर हाही उपचाराचाच भाग

पोशीरहून कल्याणला मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचे म्हणजे आधी नेरळ गाठायचे, तेथून लोकल पकडायची आणि परत येईपर्यंत दिवस मोडलेला. मजुरी बुडते; बरोबर घरातले कोणी आले तर दोघांची बुडते. एवढे करून दवाखान्याच्या दारात ‘आज डॉक्टर नाहीत, तुम्हाला कळवायचे राहून गेले’ असे ऐकावे लागले, तर तो रुग्ण पुन्हा येईलच याची खात्री कोण देणार? पोटदुखी असेल तर माणूस दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढतो. मनाच्या आजारात मुळात घराबाहेर पडण्याचेच बळ कमी झालेले असते.

अशा चुकीला आपण ‘कारकुनी चूक’ म्हणतो आणि सोडून देतो. मानसोपचारात मात्र कारकुनी चूक ही उपचारातलीच चूक ठरते. म्हणून दवाखान्याच्या कागदपत्रांचा विषय आज मुद्दाम आरोग्याच्या सदरात घेत आहोत. तो डॉक्टरांच्या आणि समुपदेशकांच्या जितका कामाचा, तितकाच रुग्णांच्या आणि नातेवाईकांच्याही.

कर्जतचे उदाहरण

नोंदीचे मोल किती असते, हे पाहायला फार दूर जायला नको. डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी हे मानसोपचारतज्ज्ञ दांपत्य. मुंबईत खासगी व्यवसाय करतानाच रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणून उपचार देण्याचे काम त्यांनी १९८८ मध्ये ‘श्रद्धा’ या संस्थेद्वारे सुरू केले. सुरुवात अगदी थोड्या रुग्णांपासून झाली. २००६ मध्ये कर्जतजवळ मोठे केंद्र उभे राहिले आणि २०१८ मध्ये डॉ. वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

येथे येणाऱ्या रुग्णाला अनेकदा स्वतःचे नावही सांगता येत नाही. औषधोपचाराने मन थाऱ्यावर येऊ लागले, की गावाचे, जिल्ह्याचे, भावाचे नाव तुकड्यातुकड्याने आठवते. या तुकड्यांवरूनच घराचा शोध घेतला जातो आणि कार्यकर्ते रुग्णाला थेट घरी पोचवून येतात. अशा वेळी बोलता बोलता उच्चारलेले एक गावाचे नाव कागदावर उतरले नाही, तर माणसाची घराची वाटच हरवेल.

व्याप वाढतो तेव्हा

तालुक्याच्या ठिकाणी एखादा समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ दवाखाना सुरू करतो, तेव्हा दिवसाला चार-पाच रुग्ण असतात. सगळे लक्षात राहते. रुग्ण पंधरा-वीसवर गेले की टिपणे रात्रीवर ढकलली जातात, दोन रुग्णांच्या हकिगती एकमेकींत मिसळतात, फोन घ्यायला कोणी नसते. डॉक्टर थकतात आणि रुग्णाला वाटते, ‘मागच्या वेळी एवढे सांगितले, ते यांना आठवतही नाही.’

यावर साधा उपाय म्हणजे तासातली ५० मिनिटे रुग्णासाठी आणि १० मिनिटे टिपणासाठी राखून ठेवणे. टिपण त्याच वेळी लिहावे. आठवड्यातला अर्धा दिवस फोन, हिशेब, चिठ्ठ्या आणि दाखल्यांसाठी मोकळा ठेवावा. त्या दिवशी रुग्ण घेतले नाहीत म्हणून उत्पन्न थोडे घटेल; पण उरलेले दिवस नीट चालतील. पैशाची पावती प्रत्येकाला द्यावी. फी किती आणि वेळ चुकल्यास नियम काय, हे पहिल्याच भेटीत सांगावे. पुढे कटुता टळते.

न आलेल्याची वही

बहुतेक दवाखान्यांत आलेल्या रुग्णांची नोंद होते. न आलेल्यांची होत नाही. खरा धोका तेथेच असतो. नैराश्यावरील औषधांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. ‘काही फरक नाही’ म्हणून अनेकजण त्याआधीच गोळ्या सोडतात. दुसऱ्या भेटीला न आलेल्या रुग्णाला दोन दिवसांत फोन गेला, तर गाडी रुळावर राहते. आत्महत्येचे विचार बोलून दाखवलेल्या रुग्णाच्या बाबतीत तर फोन त्याच दिवशी व्हायला हवा. हे काम कोणाचे, हे आधीच ठरलेले असावे.

लिथियम घेणाऱ्या रुग्णाचे उदाहरण घ्या. सुरुवातीला वारंवार आणि पुढे साधारण तीन ते सहा महिन्यांनी रक्तातील त्याचे प्रमाण तपासावे लागते. मूत्रपिंड आणि थायरॉइडवरही लक्ष ठेवावे लागते. घाम, जुलाब यांनी शरीरातील पाणी कमी झाले, किंवा अंगदुखीसाठी आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या घेतल्या, तर लिथियमचे प्रमाण धोकादायक पातळीवर जाऊ शकते. तपासणीची पुढची तारीख नोंदवहीत नसेल, तर ती कोणाच्याच लक्षात राहत नाही.

तारीख देताना गावाचे वेळापत्रकही पाहावे. भातलावणीच्या दिवसांत दुपारची वेळ दिली तर शेतकरी येणार नाही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेले कातकरी कुटुंब पावसाच्या तोंडावर परतते. त्यांना जाण्यापूर्वीच ‘कोणत्या गावाला जाणार?’ असे विचारून तेथील सरकारी रुग्णालयासाठी चिठ्ठी द्यावी.

गुपित सांभाळणे

लहान गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. टेबलावर उघडी पडलेली नोंदवही, बाकावरच्या दहाजणांदेखत मोठ्याने पुकारलेले नाव किंवा घरी कोणीही उचललेल्या फोनवर ‘मानसोपचार दवाखान्यातून बोलतो’ असे सांगणे, एवढ्यानेही एखाद्या मुलीचे ठरलेले लग्न मोडू शकते. म्हणून रुग्णाला नावाऐवजी क्रमांकाने बोलवावे. कोणत्या नंबरवर, केव्हा आणि काय म्हणून फोन करायचा, हे रुग्णालाच विचारून लिहून ठेवावे. भेटीची वही मदतनीसाकडे असावी. मनातले बोलणे लिहिलेले टिपण मात्र उपचार करणाऱ्याने स्वतःच्या कुलपात ठेवावे. व्हॉट्सॲपवर केसपेपरचे फोटो फिरवू नयेत.

हा केवळ सौजन्याचा भाग नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो २०१८ पासून लागू झाला, रुग्णाला गोपनीयतेचा आणि स्वतःचे वैद्यकीय कागद पाहण्याचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असणे, न्यायालयाचा आदेश असणे असे मोजके अपवाद त्यात आहेत. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने मागणी केल्यास कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात.

रुग्णांनी काय करावे?

सर्व चिठ्ठ्या आणि तपासण्या तारखेनुसार लावून एका प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. आपल्याकडच्या पावसात कागद टिकत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून वेळ पक्की करा. येणे जमत नसेल तर कळवा, तुमची वेळ दुसऱ्या गरजूला मिळेल. दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात, तर चालू गोळ्यांची यादी दाखवा. पावती मागण्यात संकोच नको. आणि ‘माझी माहिती कोण कोण वाचते?’ हा प्रश्न जरूर विचारा. चांगला उपचारक त्याने रागावत नाही.

दोन भेटींच्या मधल्या काळात मन फारच खचले, तर १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर रात्री-अपरात्रीही विनामूल्य बोलता येते. हा क्रमांक आजच केसपेपरच्या मागच्या बाजूला लिहून ठेवा.