नाग अधिक पूर किती?

'लेट अस सी' हे सी भाषेवरचं पुस्तक लिहिणारे यशवंत कानेटकर नागपूरचे, तेव्हा उदाहरणही इथलंच घेऊ. सी भाषेत 'नाग' आणि 'पूर' या स्ट्रिंग अधिकच्या चिन्हाने जोडता येत नाहीत. त्यासाठी स्ट्रकॅट हे फंक्शन आहे. ते 'नाग'च्या शेवटी असलेला शून्य बाइट शोधतं आणि तिथूनच 'पूर' लिहीत सुटतं. पुढे जागा आहे का, हे बघतच नाही! यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-उकारसुद्धा. म्हणजे १८ बाइट आणि शेवटचा शून्य धरून १९. चार अक्षरं मोजून पाचच बाइट राखले, तर शेजारच्या मेमरीवर अतिक्रमण ठरलेलं. म्हणून विद्यार्थ्यांनो, जागेचं माप मागणारं एसएनप्रिंटएफ वापरा आणि त्याने परत दिलेला आकडा जरूर तपासा.