आणेवारी आणि सरासरी

मंडळी, तुमच्या गावाचं नाव आणे, आणि आज आम्ही बोलणार आणेवारीवर. या दोन्हींचा संबंध आहे असं आमचं म्हणणं नाही, पण घाट चढून पठारावर आलं की तो शब्द आठवतोच. एकाच जुन्नर तालुक्यात माणिकडोह, येडगाव, वडज ही धरणं आहेत, नाणेघाटाकडे पाऊस झोडपून काढतो, आणि इथलं पठार आभाळाकडे बघत बसतं. अशा तालुक्याची सरासरी काढली तर ती ना तिकडची, ना इकडची.

समोर बी.एड.ची मुलं बसली आहेत, उद्याचे गणिताचे शिक्षक. सरासरी शिकवताना क्रिकेटच्या धावा घेतात, आम्हीही तेच करत आलो. त्याऐवजी आणेवारी घ्या.

पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे. १ एप्रिल १९५७ला दशमान नाणी आली, आणेवारीची पैसेवारी झाली. तोंडात मात्र जुनाच शब्द राहिला. हेक्टरी जे प्रमाण उत्पन्न धरलेलं असतं, त्याच्या तुलनेत यंदा किती आलं, एवढाच हिशेब. पन्नास पैशांच्या खाली गेलं तर गाव टंचाईत, आणि मग जमीन महसुलात सूट, मुलांची परीक्षा फी माफ. २०१६ मध्ये केंद्राची नवी दुष्काळ संहिता आली. तिच्यात पाऊस, जमिनीतला ओलावा, उपग्रहातून दिसणारी हिरवळ असे निकष आले. निकष बदलले, पण कुठे मोजायचं हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

फळ्यावर एक उदाहरण मांडू. आकडे आमचे, फक्त फळ्यापुरते. बाजरीचं प्रमाण उत्पन्न हेक्टरी १० क्विंटल. तीन तुकडे कापले: ६, ४, २. सरासरी ४, म्हणजे ४० पैसे. गाव टंचाईत. आता दोन क्विंटलवाला तुकडा सोडून विहिरीजवळचा घेतला, तिथे ८ आले. सरासरी ६, म्हणजे ६० पैसे. फी भरा!

आम्ही तत्त्वज्ञानवाले, सत्य म्हणजे काय यावर आयुष्य घालवलं. इथे गंमत बघा, कोणीच खोटं बोललेलं नाही. मापं खरी, बेरीज खरी, भागाकार खरा. निकाल मात्र उलटा.

म्हणूनच तुकडा माणसाच्या मर्जीने निवडायचा नाही, चिठ्ठी टाकल्यासारखा निवडायचा. पीककापणीत ही यादृच्छिक निवड आपल्या देशात रुजवणाऱ्यांत पांडुरंग वासुदेव सुखात्मे होते, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. हे नाव गणिताच्या वर्गात घ्यायला हरकत नाही. पोरांना कळेल की संख्याशास्त्र बांधावरही गेलेलं आहे.

हे सांगून झाल्यावर मागे एका वर्गात एक मुलगा म्हणाला, "सर, मग बरोबर उत्तर कोणतं?" आम्ही म्हटलं, तुकडे कसे निवडले ते आधी सांग. तो गप्प बसला. मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र लगेच बोलली, "आमच्याकडं विहिरीजवळचाच मोजत्यात. तिथवर गाडी जाते."

गाव कोणतं ते आम्ही विचारलं नाही. सराव पाठासाठी हाच विषय घे, एवढं सांगितलं.